विहिरीत सापडलेल्या हाडांना नाव का मिळत नाही?

प्रश्न असा आला आहे: बीड जिल्ह्यातल्या एका गावात 2016 च्या उन्हाळ्यात विहीर आटली म्हणून गाळ काढायला घेतला, तेव्हा तळाशी माणसाची कवटी आणि हाडं निघाली. पंचनामा झाला, हाडं मेडिकल कॉलेजला गेली. ‘स्त्री, वय 25 ते 35, उंची पाच फुटांच्या आसपास, मृत्यूचं कारण सांगता येत नाही’ असा अहवाल आला आणि कागद तिथेच थांबले. गावात कोणी म्हणतं हाडं रझाकारांच्या काळातली, कोणी म्हणतं ऊसतोडीतल्या बाईची. डॉक्टर आहेत, डीएनए आहे, मग नाव का कळत नाही? आणि इतक्या वर्षांनी काही करता येतं का?

माझी सगळी नोकरी न्यायवैद्यकशास्त्र शिकवण्यात आणि मराठवाड्यातल्या शवागारांत गेली. विहिरीतली, नदीपात्रातली, रुळाकडेची हाडं टेबलावर पुष्कळ आली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी डीएनए. या तपासणीतून नाव निघत नाही, जुळणी निघते. मांडीच्या हाडातून किंवा दाढेतून आकड्यांचा एक तक्ता मिळतो. तो आईच्या, बापाच्या किंवा लेकराच्या रक्तातून आलेल्या तक्त्याशेजारी ठेवला, की नातं आहे की नाही हे ठामपणे सांगता येतं. शेजारी ठेवायला कुणाचंच रक्त नसेल तर तो कागद फायलीत पडून राहतो. बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांचे डीएनए एका जागी साठवणारी देशपातळीवरची बँक आपल्याकडे नाही. 2019 च्या डीएनए विधेयकात बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह यांच्या स्वतंत्र सूचीची तरतूद होती, पण जुलै 2023 मध्ये सरकारने ते विधेयक मागे घेतलं. ‘आधारवरून काढा की’ असंही लोक म्हणतात. विहिरीतल्या हाडांना बोटांची कातडीच उरलेली नसते. प्रेत ताजं असलं तरी आधारसाठी घेतलेले बोटांचे ठसे तपासासाठी बाहेर द्यायला कायद्यानेच मनाई आहे.

त्यामुळे तुमच्या विहिरीतल्या बाईचं नाव हाडांत सापडणार नाही. ते कुठल्या तरी घरात आहे, किंवा कुठल्या तरी पोलीस ठाण्याच्या मिसिंग रजिस्टरमध्ये आहे, किंवा कुठेच लिहिलेलं नाही. ही प्रकरणं बहुतेक वेळा इथेच अडतात, असं माझं स्पष्ट मत आहे. आपण हाडांकडे वर्षानुवर्षं बघत बसतो आणि हरवलेल्या माणसांच्या यादीकडे फिरकत नाही.

तरीही हाडं नीट वाचली गेली पाहिजेत, नाहीतर यादीत कुणाला शोधायचं तेच ठरत नाही. तुमच्या अहवालातला ‘स्त्री’ हा शब्द बहुधा कमरेच्या हाडावरून आला असेल. त्या हाडाला मागच्या बाजूला एक खाच असते. तिच्यात अंगठा ठेवून पाहतात. पुरुषाच्या खाचेत अंगठा अडकतो, बाईच्या खाचेत तो आरामात हलतो. कमरेचं हाड शाबूत असेल तर लिंगाचा निष्कर्ष शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर येतो, कवटीही हाताशी असेल तर आणखी पक्का होतो. नुसत्या कवटीवरून सांगितलं असेल तर मात्र मी थोडं जपून घेतो.

वयासाठी मी सगळ्यात आधी हसळीचं, म्हणजे गळ्यापासून खांद्याकडे जाणारं हाड उचलायचो. त्याचं गळ्याकडचं टोक हे शरीरातलं सगळ्यात उशिरा जुळणारं टोक. विशीच्या सुरुवातीला तिथे पातळ टोपीसारखा तुकडा चिकटायला लागतो आणि तिशीच्या आसपास सांधा पुरता भरून येतो. दिव्याखाली हाड तिरपं धरलं की कडेला बारीक रेघ दिसते, तर कधी ती बुजलेली असते. ती रेघ, कमरेची दोन हाडं पुढे जिथे मिळतात तो पृष्ठभाग आणि अक्कलदाढा, एवढ्यावर ‘25 ते 35’ लिहिलं जातं. ही दहा वर्षांची पट्टी म्हणजे डॉक्टरचा आळस नव्हे. तपास अधिकारी पुष्कळदा आग्रह धरतात, ‘साहेब, एक आकडा सांगा.’ आकडा दिला की काय होतं ते मी पाहिलं आहे. अहवालात तीस लिहिलं, आणि अडतीस वर्षांच्या बहिणीला शोधत आलेल्या भावाला ठाण्यातून परत पाठवलं. म्हणून यादी चाळताना ती पट्टी दोन्ही बाजूंनी सैल धरायची. 18 पासून 45 पर्यंतच्या बायका बघायच्या. उंचीचंही तसंच. मांडीच्या हाडाच्या लांबीला साधारण पावणेचारने गुणून ती येते, तिच्यात चार-पाच सेंटिमीटर इकडेतिकडे धरावेच लागतात.

दातांकडे आपल्या भागात जास्त लक्ष द्यायला हवं. आपल्याकडे दंतवैद्याचे जुने कागद सापडणं मुश्कील, म्हणून दात बाजूला पडतात. पण बीड आणि नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, किनवटकडे तर हा जुना त्रास आहे. असं पाणी लहानपणी पोटात गेलं की कायमच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात. हे डाग दात हिरडीच्या आत घडत असतानाच पडतात, मोठेपणी ते पाणी कितीही प्यायलं तरी नव्याने पडत नाहीत. म्हणजे विहिरीतल्या बाईच्या पुढच्या दातांवर असे पट्टे असतील आणि तुमच्या गावच्या बायकांच्या दातांवर नसतील, तर तिचं बालपण दुसरीकडे गेलं असं मानायला जागा आहे. मिशेरीचा काळा थर वेगळा दिसतो, तो दातांच्या मुळांशी बसतो. एवढ्यावरून नाव कळत नाही, पण तिला कुठल्या दिशेला शोधायचं ते कळतं.

आता गाळाबद्दल, कारण माझ्या अंदाजाने तुमच्या प्रकरणातलं सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं आहे. पाण्यात प्रेत कुजताना हात, पाय, खालचा जबडा आणि डोकं लवकर सुटतं आणि तळाशी वेगवेगळ्या जागी जाऊन बसतं. वरून वर्षानुवर्षं माती येते. मग क्रेन लावून गाळ उपसला जातो. कवटी दिसेपर्यंत कितीतरी बकेटा वर गेलेल्या असतात. गाळ कसदार म्हणून ट्रॅक्टरने शेतात पसरलेलाही असतो. समोरचे दात एका मुळाचे असतात, हाड सुकलं की ते खोबणीतून आपोआप गळतात. बोटांची पेरं, गळ्यातलं घोड्याच्या नालेसारखं छोटं हाड, जोडवी, मण्यांची पोत, कॉपर-टी हे सगळं त्या गाळात जातं. कॉपर-टीचं नाव वाचून दचकू नका. ती कुजत नाही आणि कमरेच्या हाडाजवळच्या मातीत सापडू शकते. वय ठरवायला आणि नातेवाइकांकडे चौकशी करायला तिचा उपयोग होतो. हाडात बसवलेली सळई किंवा पट्टी तर त्याहून मोलाची, तिच्यावर बनवणाऱ्याची खूण आणि बॅच नंबर कोरलेला असतो.

असं कुठे घडलं तर काम तिथल्या तिथे थांबवायचं, उपसलेला ढीग हलू द्यायचा नाही आणि तो वाळू चाळायच्या बारीक जाळीतून पाणी मारत चाळायचा. दिवसभराचं काम आहे आणि ते पोलिसांच्या देखतच व्हायला हवं. हाडं पाण्यात उकळून, घासून ‘स्वच्छ’ करून आणणारे लोक मला भेटले आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्याने डीएनए मिळण्याची आशा कमी होते. हाडं सावलीत सुकवायची आणि कागदात किंवा कापडात गुंडाळायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची नाहीत.

‘मृत्यूचं कारण सांगता येत नाही’ या ओळीवर गावकऱ्यांचा राग असतो, तो मी समजू शकतो. पण गळा दाबला, पाण्यात बुडाली, विष पोटात गेलं, यांतलं बहुतेक मांसाबरोबर निघून जातं. हाडांवर राहतात ते घाव. तेही वाचताना एक गोष्ट पाहावी लागते. हाड बाहेरून मातीने तपकिरी झालेलं असताना तुटलेला काठ पांढरा-फिका असेल, तर तो घाव क्रेनच्या बकेटचा. काठही तेवढाच तपकिरी असेल आणि कड गुळगुळीत, तिरकी तुटलेली असेल, तर हाड ताजं असताना, म्हणजे मृत्यूच्या आसपास मोडलेलं असण्याची शक्यता मोठी. मग प्रश्न गंभीर होतो. तुमच्या अहवालात घावांच्या काठांचं वर्णन आहे का ते बघा. नसेल तर हाडांची फेरतपासणी मागायला ते एक सबळ कारण आहे.

हाडं किती जुनी, हा गावातला वाद. मराठवाड्यात जुन्या विहिरीत हाडं निघाली की रझाकारांचं नाव निघतंच, आणि ते उगाच नाही. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत रझाकारांनी आणि 17 सप्टेंबरला निजामाचं राज्य संपल्यावरच्या आठवड्यांत दुसऱ्या बाजूने जे झालं, त्यात माणसं मारून विहिरींत टाकल्याचं त्या हिंसेची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीच्या अहवालातही आलं आहे. पण ‘जुनी असतील’ हे वाक्य तपास थांबवायला फार सोयीचं पडतं. आधी विहीर कधी खोदली ते तलाठ्याच्या दप्तरात बघा, पिकपाण्याच्या नोंदीत ती कुठल्या सालापासून दिसते ते कळेल. मग हाडांबरोबर काय निघालं ते बघा. नायलॉनची साडी किंवा पॉलिथिन हाडांना गुंडाळलेलं असलं तर 1948 चा विषय संपला. अंगावरच्या कपड्यांत नाणं असेल तर त्यावरच्या सालाच्या आधी मृत्यू झालेला नाही, एवढं पक्कं. काहीच नसेल तर कार्बन-14, म्हणजे किरणोत्सारी कार्बनची मोजणी आहे. 1950 च्या दशकापासून 1963 पर्यंत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतला हा कार्बन जवळजवळ दुप्पट झाला आणि तो त्यानंतर जगलेल्या प्रत्येकाच्या हाडात आणि त्यानंतर घडलेल्या दातांत उतरला. 1948 मध्ये मेलेल्या माणसात तो वाढीव कार्बन असूच शकत नाही. अशी मोजणी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात होते. दरवेळी ती करा असं मी म्हणणार नाही, पण वाद मिटतच नसेल तर तपास अधिकाऱ्याला किंवा न्यायालयाला ती सुचवता येते.

पंजाबातल्या अजनाल्यात असाच वाद होता. 2014 मध्ये तिथल्या विहिरीतून पुष्कळ सांगाडे निघाले. ते फाळणीतल्या दंगलीतले की 1857 च्या बंडातल्या शिपायांचे, यावर इतिहासकारांत मतभेद होते. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेसह इतर संस्थांनी 50 नमुन्यांचं डीएनए आणि 85 दातांमधली समस्थानिकं, म्हणजे माणूस कुठल्या भागात वाढला ते सुचवणारे मूलद्रव्यांचे प्रकार, तपासली. 2022 मध्ये निष्कर्ष आला की ही माणसं पंजाबातली नव्हेत, गंगेच्या खोऱ्यातली आहेत. शिपायांच्या बाजूचं पारडं त्याने जड झालं. नावं एकाचीही कळली नाहीत, पण कुठली माणसं हे कळलं.

आणि जमिनीत सापडलेली सगळीच हाडं गुन्ह्याची नसतात, हेही सांगायला हवं. आपल्याकडे लिंगायत समाजात बसवून समाधी देतात, मुस्लीम दफनात चेहरा पश्चिमेकडे असतो, लहान लेकरं तर बहुतेक समाजांत पुरतात. शेततळं खोदताना अशी जुनी जागा लागली तर हाडांची ठेवण शाबूत दिसते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि हाडं वरखाली हलवते, म्हणून ती उचलण्याआधी फोटो काढायलाच हवेत. विहिरीच्या तळाशी समाधी कुणी देत नाही. तुमच्या प्रकरणात ही शंका राहत नाही.

आता ऊसतोडीबद्दल. गावातलं हे दुसरं बोलणं मला जास्त गंभीर वाटतं. दिवाळीच्या सुमाराला बीड, धाराशिव, जालना, परभणीतून टोळ्या निघतात. उचल घेऊन, नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून. कारखाना पश्चिम महाराष्ट्रात असतो, कधी कर्नाटकात. टोळीतली बाई मधेच दिसेनाशी झाली तर मुकादमाच्या वहीत तिचं स्वतंत्र नावही नसतं, नोंद कोयत्याची असते. सासरचे सांगतात माहेरी गेली. माहेरचे समजतात नवऱ्याबरोबर आहे. काही महिन्यांनी दोन्हीकडे एकच वाक्य ऐकू येतं: ‘निघून गेली.’ त्या वाक्यानंतर अब्रूच्या भीतीने कुणी ठाण्याची पायरी चढत नाही. सालगड्याच्या बायकोचं, वीटभट्टीवरच्या पोरीचंही असंच होतं. बायका हरवतात आणि त्यांच्या हरवण्याचा कागदच तयार होत नाही. तुमच्या विहिरीतली बाई अशी असेल, तर जगातली कुठलीही प्रयोगशाळा तिला नाव देऊ शकणार नाही, जोपर्यंत तिच्या माणसांपैकी एकजण ‘आमची बाई सापडत नाही’ असं लिहून देत नाही.

जिथे नोंद होते तिथेही ती दुसऱ्या हद्दीत असते. गोदावरीत पैठणला पडलेलं माणूस गंगाखेडला किंवा नांदेडला निघू शकतं, त्याच्या पुढे तेलंगण. देगलूर, उदगीर, उमरगा या पट्ट्यातली माणसं कर्नाटक-तेलंगणात रोज जातात-येतात. तिकडची नोंद कन्नड किंवा तेलुगूत होते, इंग्रजीत आणताना गावाचं नाव बदलतं, आडनाव गळतं. माझ्याकडे आलेल्या एका प्रेताच्या शर्टच्या कॉलरला टेलरचं लेबल होतं, धुऊन पुसट झालेलं. बाजूने दिवा धरला तेव्हा कन्नड अक्षरं दिसली. हवालदाराने ते लेबल घेऊन सीमेपलीकडच्या बाजारगावात टेलर गाठला आणि आठवड्याभरात घर सापडलं. आमच्या अहवालाने जे झालं नसतं ते त्या लेबलाने झालं. म्हणून कपडे जाळून टाकू नका, असं मी प्रत्येक पोलीस पाटलाला सांगत आलो.

जपून ठेवण्याचं मोल किती असतं, याचं एक उदाहरण नॉर्वेतलं आहे. बर्गनजवळच्या इस्डालेन दरीत 29 नोव्हेंबर 1970 ला एका बाईचं जळालेलं प्रेत सापडलं. तिचं नाव आजही कळलेलं नाही. पण तिचा जबडा कुणीतरी जपून ठेवला होता. 2016 मध्ये तपास पुन्हा उघडला तेव्हा त्या दातांवरून कळलं की तिचा जन्म 1930 च्या सुमाराचा आणि बालपण बहुधा जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गच्या परिसरातलं. पंचेचाळीसहून जास्त वर्षांनी शोधाची दिशा मिळाली, ती एका जबड्यामुळे.

म्हणून तुम्ही आता काय करायचं. पहिल्यांदा ठाण्यातून अकस्मात मृत्यूचा क्रमांक आणि साल घ्या. खुनाचा गुन्हा दाखल झाला होता का, आणि ‘अ’ समरी होऊन फाईल बंद झाली का, तेही विचारा. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. अशी फाईल नवा धागा मिळाला की पुन्हा उघडता येते, आणि खुनाला मुदतीचा कायदा लागत नाही. मग एकच प्रश्न लेखी विचारा: हाडं आज कुठे आहेत? ठाण्याच्या मुद्देमालात, कॉलेजच्या विभागात, की पुरली? माहिती अधिकारात विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. पुरली असतील तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने काढता येतात. डीएनएसाठी नमुना तेव्हा घेतला होता का, तो न्यायसहायक प्रयोगशाळेत गेला होता का, त्याचा अहवाल आला का, हेही त्याच अर्जात टाका. नमुना घेतलाच नसेल आणि हाडं हाताशी असतील, तर मांडीचं हाड, दाढ आणि कवटीतलं कानाच्या आतल्या बाजूचं घट्ट हाड यांतून आजही डीएनए मिळू शकतं. विहिरीत भिजलेल्या हाडातून तो मिळेलच असा शब्द कुणी देऊ नये, पण प्रयत्न करण्यासारखी ती नक्की आहेत.

त्याच वेळी पोलीस अधीक्षकांना अर्ज द्या की 2016 च्या आधीच्या वर्षांतल्या 18 ते 45 वयाच्या बेपत्ता स्त्रियांची यादी या हाडांशी पुन्हा ताडून पाहावी, शेजारच्या जिल्ह्यांची आणि राज्यांचीही. अर्जाची पोच घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या डिजिटल पोलीस पोर्टलवर बेपत्ता माणसं आणि अनोळखी मृतदेह कुणालाही शोधता येतात, गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोराला त्या कामाला बसवा.

आणि गावात चौकशी करा. ‘निघून गेली’ असं जिच्याबद्दल सांगतात आणि जिचा नंतर फोन नाही, पत्र नाही, लेकराच्या लग्नालाही जी आली नाही, अशी बाई कुणाला आठवते का? तिच्या माहेरी जा. मिसिंगची नोंद करायला कायद्यात मुदत नाही, वीस वर्षांनीही होते. त्या नोंदीचा घरच्यांना वेगळाही उपयोग आहे. सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर कायदा मृत्यू गृहीत धरू देतो, पण माणूस कधीपासून नाही हे दाखवायला कागद लागतो. नाहीतर लेकरांची वारस नोंद अडते, सातबारा अडतो.

तिची आई जिवंत असेल तर तिचं रक्त तपास अधिकाऱ्यामार्फत लवकर घ्यायला लावा. आईइतका चांगला नमुना दुसरा नाही. ती नसेल तर सख्खे बहीण-भाऊ, मावशी, मामा चालतात, कारण पेशीतल्या डीएनएचा एक भाग आईकडूनच उतरतो आणि तो या सगळ्यांत सारखा असतो. तिला लेकरं असतील तर तीही चालतात. दीर, जाऊ, नणंद यांच्या रक्ताचा तिच्यासाठी उपयोग नाही, म्हणून सासरकडून सहकार्य मिळालं नाही तरी अर्ज अडवून ठेवू नका.